कंपाउंडर ते डिजिटल बिल्ला : हक्काशिवाय प्रमाणपत्र काय कामाचे?

परवा पिंपळवंडीत विहारातली वंदना आटोपल्यावर वस्तीतला एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. सहा वर्षे तो एका मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. कोणती गोळी कोणत्या कप्प्यात, कोणते इंजेक्शन फ्रिजमध्ये, कोणते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही, हे त्याला पाठ आहे. बारावी कला शाखेतून झाल्यामुळे डी.फार्म.ला प्रवेश मिळाला नाही. आता त्याने पैसे भरून तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता. मोबाईलवर एक रंगीत चकती चमकत होती. वर कंपनीचे नाव, खाली त्याचे नाव. तो म्हणाला, "काका, हा बिल्ला दाखवला तर मला कायद्याने औषध देता येईल ना?"

मी म्हणालो, "नाही."

"मग दिला कशाला?"

हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते द्यायचे तर फार्मसीचा इतिहास उघडावा लागतो, कारण ज्ञान एकाकडे आणि शिक्का दुसऱ्याकडे ही गोष्ट मोबाईल आल्यावर सुरू झालेली नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. पूर्ण पदवी किंवा पदविका न देता एका छोट्या कौशल्यापुरते जे प्रमाणपत्र देतात, त्याला मायक्रो-क्रेडेन्शियल म्हणतात. ते संगणकावर चित्राच्या रूपात दिले आणि त्यात कुणी दिले, कधी दिले, कशासाठी दिले ही माहिती गुंफली की तो डिजिटल बॅज होतो. मोझिला फाउंडेशनने २०११ मध्ये 'ओपन बॅजेस' नावाने ही कल्पना पुढे आणली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम केले, २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. थोडे थोडे शिका, श्रेयांक खात्यात साठवा, पुढे पदवीसाठी वापरा, अशी ही कल्पना आहे. फार्मसीच्या क्षेत्रातही आता लसींची साठवण, औषधांचे दुष्परिणाम नोंदवणे, क्लिनिकल रिसर्च अशा विषयांवर असे छोटे कोर्स निघाले आहेत. आपल्या जुन्नर तालुक्यात आळे, बेल्हे, ओतूरजवळची डुंबरवाडी इथे फार्मसीची महाविद्यालये आहेत. म्हणजे हा प्रश्न पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही.

कल्पना म्हणून यात वाईट काही नाही. पण बाबासाहेबांच्या अनुयायाने कोणत्याही नव्या दाराला तीन प्रश्न विचारायचे असतात. दाराची चावी कुणाकडे आहे? आत जायला किती पैसे लागतात? आणि आत गेल्यावर हक्क मिळतो की नुसते कौतुक?

बाटलीवरची कागदी पट्टी

जुन्या माणसांना सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. रुग्ण घरून बाटली घेऊन जायचा. कंपाउंडर चिठ्ठी वाचून मिश्रण तयार करायचा, बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवायचा, पावडरीच्या पुड्या बांधून द्यायचा. डॉक्टर मिनिटभर दिसायचा, कंपाउंडर रोज दिसायचा. गावाच्या लेखी अर्धा डॉक्टर तोच होता.

त्याचे शिक्षण झाले होते कुठे? मद्रास मेडिकल कॉलेजात १८६० मध्ये फार्मसीचा वर्ग सुरू झाला खरा, पण तो अपवाद होता. बहुतेक कंपाउंडर दवाखान्यात काम करता करता शिकले. पुढे काही प्रांतांनी कंपाउंडरांच्या परीक्षा सुरू केल्या. औषधांचा बाजार मात्र मोकाट होता. म्हणून सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचे शिक्षण सुरू केले. भारतातील फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण तिथून धरतात.

त्यानंतर आली भोर समिती. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातील पात्र फार्मासिस्टांचा आकडा दिला आहे ७५. पंचाहत्तर हजार नव्हे, पंचाहत्तर! म्हणजे चाळीस लाख लोकांमागे एक. मग दवाखान्यांतून लोकांना औषध कोण देत होते? ते काम कंपाउंडरच करत होते, पण 'पात्र' या शब्दात त्यांना जागा नव्हती. काम होते, मोजदाद नव्हती.

१९४८ : दार उघडले आणि बंद झाले

फार्मसी कायदा १९४८ मध्ये आला. या कायद्याचे कलम ३१ प्रत्येक चळवळीतल्या माणसाने वाचावे असे आहे. राज्याची पहिली नोंदवही तयार करताना कुणाचे नाव घालायचे, ते या कलमात सांगितले आहे. फार्मसीची पदवी-पदविका असलेला माणूस तर घ्यायचाच. कंपाउंडरची मान्य परीक्षा पास झालेलाही घ्यायचा. आणि शेवटी, ज्याच्याकडे कुठलेच कागद नाहीत, पण ज्याने रुग्णालयात, दवाखान्यात किंवा चिठ्ठीवर नियमित औषध दिले जाते अशा ठिकाणी एकूण किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले आहे, त्यालाही घ्यायचे.

आज 'पूर्वज्ञानाची मान्यता' म्हणून कौशल्य योजनांमध्ये जे नवे म्हणून सांगितले जाते, ते १९४८ च्या कायद्यात होते. फरक एवढाच की त्या कायद्याने अनुभवाच्या बदल्यात चकती दिली नाही, नोंदणी दिली. नोंदणी म्हणजे हक्क.

पण ही सवलत पहिल्या नोंदवहीपुरती होती. नंतर प्रवेश शिक्षणाच्याच वाटेने. कलम ४२ ने नोंदणी नसलेल्या माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्यास मनाई केली. ही मनाई राज्यांनी आपापल्या तारखेपासून लागू करायची होती. राज्ये चालढकल करत राहिली, तेव्हा १९७६ च्या दुरुस्तीने आठ वर्षांची मुदत घातली. ज्या राज्याने तोपर्यंत तारीख ठरवली नव्हती, तिथे १ सप्टेंबर १९८४ पासून दार बंद झाले.

दार बंद करणे चूक होते का? मी तसे म्हणणार नाही. औषध म्हणजे किराणा नव्हे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि राजकीय हस्तक्षेप या सगळ्यांची लक्तरे वेशीवर टांगली. सरकारी रुग्णालयात कोण जातो? गरीब जातो. म्हणून औषध देणारा शिकलेला असावा, हा आग्रह सगळ्यांत आधी आपला असला पाहिजे. प्रश्न असा आहे की शिकण्याची संधी कुणाला मिळाली.

अनुभव तरी कुणाच्या वाट्याला आला?

कलम ३१ चे कौतुक केले, पण त्याची दुसरी बाजूही पाहू. पाच वर्षांचा अनुभव मोजायचा, तर ती पाच वर्षे आधी दवाखान्याच्या खोलीत जाता आले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली गेली. ज्या समाजात अस्पृश्याच्या स्पर्शाने तळे बाटत होते, त्या समाजात पाण्यात कालवलेले औषध अस्पृश्याच्या हातून कोण पिणार होते? मग त्या खोलीत पाच वर्षे उभे राहण्याची संधी कुणाला मिळाली असेल, हे सांगायला आकडेवारी कशाला हवी?

बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मिनतवाऱ्या करून, फी देऊन आणला तर शिवणार नाही या अटीवर आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने पत्नीच्या. त्याच साखळीने तो परत गेला. ती बाई पुढे मरण पावली. त्या डॉक्टरकडे प्रमाणपत्र होते, शिक्का होता. त्याच्याकडे नव्हती ती माणुसकी. प्रमाणपत्र ज्ञानाची खात्री देते, न्यायाची देत नाही, हे या घटनेने शिकवले आहे.

म्हणून बाबासाहेबांनी नुसते 'शिकवा' म्हटले नाही, कोणते शिक्षण हेही सांगितले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज फार्मसीला शिकणारा आपला प्रत्येक मुलगा आणि मुलगी त्या शिष्यवृत्तीच्या सावलीत वाढलेली आहे.

या मागणीत एक सूत्र आहे. उच्च शिक्षण, त्याला सरकारी पैसा, आणि शिक्षणाच्या शेवटी जागा. यातले एक काढले तरी बाकीची दोन लुळी पडतात. डिजिटल बिल्ल्याला याच सूत्रावर घासून पाहायचे आहे.

वतनदार जोशी आणि भाड्याचे प्रमाणपत्र

आता आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील सत्यशोधक. १८८० च्या दशकात त्यांनी ब्राह्मण भटजीला न बोलावता लग्न लावले. गावचे जोशी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जोशीपण आमचे वतन आहे, तुम्ही आम्हाला बोलवा किंवा न बोलवा, दक्षिणा आमची आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे सत्यशोधकांची बाजू टिकली. जोतीराव फुल्यांच्या चळवळीला जुन्नर तालुक्याने दिलेले हे बळ आपण विसरता कामा नये.

जोशाचा दावा नीट पाहा. काम केले नाही, तरी दाम हवा, कारण शिक्का माझ्या घराण्याकडे आहे.

आता तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत फिरा. मेडिकलच्या भिंतीवर फ्रेममध्ये एका फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले असते. कायद्याने त्या माणसाच्या देखरेखीखाली औषध दिले गेले पाहिजे. अनेक दुकानांत तो माणूस दिसतच नाही. तो दुसरीकडे नोकरी करतो आणि महिन्याला प्रमाणपत्राचे भाडे घेतो. काउंटरवर उभा असतो तो बिनकागदाचा मुलगा, बारा-बारा तास, मिळेल त्या पगारावर. धाड पडली तर गुन्हेगार तोच. जोशाचे वतन जन्माने आले होते आणि हे प्रमाणपत्र परीक्षेने, हा फरक मी मान्य करतो. पण काम एकाचे, शिक्का दुसऱ्याचा आणि दाम शिक्क्याला, हा व्यवहार तोच आहे. कायद्याने जन्माचे वतन मोडले, बाजाराने कागदाचे वतन उभे केले. आणि हे प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्यांत आपलीही मुले आहेत, हे कबूल करायला लाजू नये. शिष्यवृत्तीवर शिकून भिंतीवर टांगण्याचे भाडे खाणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

बिल्ला कोणता?

मराठीत बॅजला बिल्ला म्हणतात. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर बिल्ला, शिपायाच्या पट्ट्यावर बिल्ला. वरच्यांना पदवी आणि खालच्यांना बिल्ला, अशी वाटणी आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. १९५३ मध्ये मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला अर्धा दिवस बापाचा धंदा शिका, अशी योजना आणली होती. पेरियारांनी ओळखले की ही जातीचीच शाळा आहे. आंदोलन पेटले, १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. आज कुणी थेट बापाचा धंदा शिका असे म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे पैसा आहे त्याने बी.फार्म., एम.फार्म. करायचे आणि आपल्या मुलाने तीन-तीन आठवड्यांचे तुकडे गोळा करत बसायचे, असे झाले तर वेगळे काय झाले?

तरीही मी बिल्ल्याच्या विरोधात नाही. कारण एक बिल्ला असा आहे ज्याला मी सलाम करतो. तो एसटीच्या वाहकाचा बिल्ला. आरटीओकडून तो मिळाला की माणूस वाहक म्हणून काम करू शकतो, नसेल तर नाही. तो छोटा आहे, पण त्याच्यामागे कायदा उभा आहे.

फार्मसीतही असे घडले आहे. अमेरिकेत तिथल्या फार्मासिस्टांच्या संघटनेने १९९६ मध्ये लसीकरणाचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तो यशस्वी झाला, कारण एकेका राज्याने कायदा बदलून फार्मासिस्टला लस टोचण्याचा अधिकार दिला. २००९ पर्यंत पन्नासही राज्यांत तो मिळाला. आधी पदवी, तिच्यावर छोटे प्रमाणपत्र, आणि त्याच्या पाठीशी अधिकार. असा बिल्ला असेल तर कुणाला नको आहे?

आपल्याकडेही कामाचे विषय आहेत. अनुसूची एच-१ मधील औषधांची वेगळी नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. २०१८ पासून क्षयरोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणे औषध दुकानांना बंधनकारक आहे. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. दम्याचा पंप कसा ओढायचा हे रुग्णाला करून दाखवावे लागते. वीस वर्षांपूर्वी पास झालेल्या फार्मासिस्टला यातले बरेच नव्याने शिकावे लागते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत उजळणी वर्गांची तरतूद आहेच. तिथे डिजिटल बिल्ला उपयोगी पडेल. कुणी शिकले आणि कुणी नुसती सही केली, हे तरी कळेल.

धोका आहे तो दुसऱ्या ठिकाणी. महाविद्यालयातील जागांना आरक्षण आहे, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या कोर्सला यातले काहीही नाही. आता समजा, दोन मुलींकडे तीच बी.फार्म.ची पदवी आहे. एकीकडे विकत घेतलेले सहा बिल्ले आहेत, दुसरीकडे एकही नाही. खासगी कंपनी कुणाला बोलावेल? म्हणजे आरक्षणाने जी दरी थोडी बुजली, ती बिल्ल्याने पुन्हा खणली. आरक्षण कुणी रद्द केले नाही, फक्त निवडीची जागा आरक्षणाच्या बाहेर हलवली. जातीने नाही म्हणता येत नाही, म्हणून 'कौशल्य नाही' म्हणायचे. ही युक्ती आपल्याला नवी नाही.

काही मित्र म्हणतील, तुम्ही तंत्रज्ञानाला घाबरता. अजिबात नाही. खोटे प्रमाणपत्र पकडायला याच्याइतके सोपे साधन नाही. उलट मी म्हणतो की ते पूर्ण वापरा. भिंतीवरच्या फ्रेमऐवजी फार्मासिस्ट दुकानात हजर आहे की नाही हे दाखवणारी डिजिटल नोंद ठेवा. मग भाड्याचे वतन किती दिवस टिकते ते बघू. साधन वाईट नसते, पण ते कुणाच्या हातात आहे आणि कुणावर रोखले आहे, हे विचारावे लागते.

आपली मागणी

पहिली, असे बिल्ले कंपन्यांनी विकू नयेत. फार्मसी परिषद, तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठे यांनी ते द्यावेत आणि प्रत्येक बिल्ल्याचे श्रेयांक पदविकेत किंवा पदवीत धरले जावेत. जो बिल्ला पुढच्या पायरीवर नेत नाही, तो दागिना आहे.

दुसरी, अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी त्याचे शुल्क शिष्यवृत्तीतून भरावे. शिकवणे आणि परीक्षा मराठीतही असावी. काउंटरवर येणारी बाई मराठीत विचारते, तर तिला उत्तर देणाऱ्याची परीक्षा फक्त इंग्रजीत का?

तिसरी मागणी काउंटरवरच्या मुलांसाठी. १९९१ च्या नियमांनी डी.फार्म.साठी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण ठरवले आणि त्यातले किमान २५० तास चिठ्ठीवर औषध देण्याच्या कामाला दिले. म्हणजे काउंटरवरचे काम हे शिक्षण आहे, हे सरकारनेच मान्य केले होते. मग नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केलेल्या मुलाचा अनुभव शून्य का धरायचा? त्याला थेट नोंदणी द्या असे मी म्हणत नाही. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको. पण विज्ञानाचा पूरक वर्ग, त्याच्या अनुभवाचे श्रेयांक आणि डी.फार्म.मध्ये राखीव प्रवेश, एवढा पूल बांधता येतो. १९४८ च्या कायद्याला कागद नसलेल्या माणसाचे ज्ञान दिसले होते. आजच्या संगणकाला ते दिसू नये?

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मग आता मी काय करू?" मी म्हणालो, बारावी विज्ञान बाहेरून दे. आणि तोवर हा बिल्ला पुसू नकोस. तू शिकायला तयार आहेस याचा तो पुरावा आहे. व्यवस्था शिकवायला तयार आहे का, हे विचारायचे काम आपण सगळे मिळून करू.

या आठवड्यात त्याचा अर्ज भरायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे. तुमच्या वस्तीत असा मुलगा किंवा मुलगी असेल तर तुम्हीही जा.

जय भीम!